धुरा मोजणार कोण, अन् त्याला परवाना देणार कोण?



कापसाची तिसरी वेचणी सुरू आहे, तुरीच्या शेंगा भरून राहिल्या, अन् चण्याला पाणी द्यायचं तर लाईन रात्रीची. म्हणून या खेपेला पिकावर लिहीत नाही. रात्री मोटरीपाशी शेकोटी करून बसलो होतो, डोक्यात एकच विषय फिरत होता, तो लिहून काढला. लांबलं आहे, पण धुऱ्याचा विषय आहे, अन् ज्याच्याकडे वावर आहे त्याच्याकडे धुऱ्याचं भांडण आहेच.

झालं असं की माझा पुतण्या आयटीआयला सर्वेक्षक ट्रेडला होता, दोन वर्षं झाली, पास झाला. परवा घरी आला अन् म्हणाला, "मोठेबाबा, सरकार आता खासगी भूमापकाले परवाना देणार म्हणते. मी होऊ का? का भरतीचीच वाट पाहू?"

मी पटकन म्हणून गेलो, "अजिबात नको. धुऱ्याच्या भांडणात पडशील तं दोन्हीकडच्या शिव्या खाशील."

तो गप्प बसला. पण झोप मला आली नाही. कारण मोजणीवाला चांगला असला तर काय होते अन् नसला तर काय होते, हे माझ्याइतकं कोणी भोगलं नसेल. आधी ते सांगतो.

माझं साडेचार एकर एका तुकड्यात आहे, अन् उत्तरेकडे शेजारच्या भाऊंचं वावर. मधला धुरा सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आमचे वडील होते तेव्हा त्या धुऱ्यावरून बंडी जात होती. मी हातात घेतलं तेव्हा माणूस नीट चालू शकत होता. नंतर पाय ठेवायला जागा राहिली नाही. दरवर्षी नांगरताना एक तास इकडून, एक तास तिकडून. एका तासानं काय होते? काही होत नाही. वीस वर्षांत मात्र धुरा जातो. मला वाटायचं सगळा त्यांनीच खाल्ला. त्यांना वाटायचं मी खाल्ला.

२०१९ साली मी मोजणीला पैसे भरले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, अन् कोणत्या तालुक्यातलं तेही लिहीत नाही, कारण माणसं बदलून गेली आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तारीख आली ती श्रावणातली. कपाशी कमरेइतकी. भूकरमापक आला, उभ्या पिकात पाहिलं, म्हणाला, "आता कुठं मोजू?" अन् पंचनामा लिहून गेला. दुसरी तारीख आली तेव्हा भाऊंना नोटीस मिळाली नाही म्हणून मोजणी झाली नाही. तिसऱ्या तारखेला मोजणी झाली, खुणा दाखवल्या, हद्द माझ्या बाजूनं पाच फूट निघाली. मी खुश. भाऊंनी निमताना मोजणी टाकली. ती झाली तेव्हा तेच पाच फूट तीन फुटांवर आले, आणि पूर्वेकडच्या टोकाला उलट मीच त्यांच्या वावरात दोन फूट निघालो.

खातं तेच, नकाशा तोच, वावर तेच. माणूस बदलला अन् हद्द बदलली.

मधल्या काळात मी एक मूर्खपणाही केला. एका मोबाईलवाल्याला बोलावलं. त्यानं अ‍ॅप उघडलं, धुऱ्यावरून चालत गेला, अन् सांगितलं अकरा फूट तुमचं आहे. दीड हजार घेऊन गेला. त्याच्या कागदावर ना सही, ना शिक्का. मी तो कागद घेऊन तहसीलला गेलो तेव्हा तिथला बाबू हसला. हसण्यासारखंच होतं. मोबाईलचा जीपीएस उघड्या वावरातसुद्धा चार-पाच मीटर इकडे तिकडे दाखवतो. अकरा फूट म्हणजे सव्वातीन मीटर. ज्या काट्याचीच चूक पाच किलोची, त्यावर तीन किलो कापूस मोजून घेतल्यासारखं झालं ते.

आता मूळ गोष्ट. दोन मोजणीत फरक का येतो? आपण पटकन म्हणतो पैसे खाल्ले. खात असतीलही काही. पण पुतण्यानं मला कागद-पेन्सिल घेऊन जे समजावलं, ते ऐकून माझं अर्धं डोकं थंड झालं. तेच इथं सांगतो, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आपलं नागपूर जुन्या मध्यप्रांतातलं. मालगुजारी होती, ती १९५१ साली गेली. आपल्याकडे आजही खरेदीखतात खसरा नंबर लिहितात, मौजा लिहितात, पटवारी हलका नंबर लिहितात. हे सगळं त्या काळचं. गावाचे शेतनकाशे त्या वेळी सोळा इंचाला एक मैल या प्रमाणात काढले. म्हणजे नकाशावरचा एक इंच हा जमिनीवरचा तीनशे तीस फूट. प्रमाण झालं १ ला ३९६०. आता त्या नकाशावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरा. अर्ध्या मिलिमीटरला ३९६० नं गुणा. किती आले? १९८० मिलिमीटर. जवळपास दोन मीटर, साडेसहा फूट!

म्हणजे आम्ही दोघं ज्या पाच फुटांसाठी चार वर्षं एकमेकांशी बोललो नाही, ती पाच फूट त्या नकाशावर रेघेच्या आतच बसते. सव्वादोनशे मीटर लांबीचा धुरा अन् दीड मीटर रुंदी धरली तर जमीन होते सव्वातीन आर, तीन गुंठ्यांच्या थोडी वर. त्यात कापूस पिकला तर वर्षाला अर्धा-पाऊण क्विंटल. तेवढ्यासाठी मी तालुक्याला किती चकरा मारल्या त्याचं पेट्रोल जोडलं तर कापूस उरत नाही. पण हे गणित भांडणाच्या वेळी कोणाला सुचते? जमीन आहे न बाप्पा, कापूस थोडीच आहे.

तर पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, आता रोव्हर आला. मशीन तं सेंटीमीटरमध्ये दाखवते. पण नकाशा जुनाच हाय न. त्या जुन्या नकाशावरचा कोणता दगड आजच्या जमिनीवरचा कोणता दगड, हे मशीन नाही सांगत. ते माणसाले ठरवा लागते."

इथं सगळी मेख आहे. रोव्हरला राज्यभर उभारलेल्या ७७ कॉर्स स्टेशनचा आधार आहे. तो आकाशातल्या उपग्रहाशी बोलून तुम्ही कुठं उभे आहात ते दोन-चार सेंटीमीटरच्या आत सांगतो. पण तुमची हद्द कुठं आहे ते तो सांगत नाही. हद्द सांगतो जुना कागद. अन् जुना कागद जमिनीवर बसवायला खरी जुनी खूण लागते. तीन गावांच्या शिवेवरचा दगड, जुनी विहीर, नाल्याचं वळण, पांदणीचा कोपरा. एकानं विहीर धरली अन् दुसऱ्यानं पांदणीचा कोपरा धरला की उत्तर वेगळं येते. पहिल्या भूकरमापकानं माझ्या वावराच्या जवळच्या दोन खुणा धरल्या होत्या. निमतान्याला आलेल्या साहेबांनी लांब जाऊन शिवेचा दगड शोधला, झुडपं तोडायला लावली, दोन तास गेले, अन् तिथून मोजत आले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आज वाटते, मोजणी खरी त्यांनीच केली.

म्हणून माझं मत बनलं ते असं की परवाना हा मशीन चालवता येते याचा दाखला असू नये. मशीन चालवायला महिन्याभरात शिकता येते. परवाना म्हणजे या माणसाला जुनी खूण शोधता येते, जुना कागद वाचता येतो, अन् चुकला तर त्याला धरता येते, याची हमी पाहिजे.

आता बातमीकडे येतो. २०२५ साली महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी, आपल्याच जिल्ह्यातल्या कामठीचे आहेत, जाहीर केलं की परवानाधारक खासगी भूमापक मोजणी करतील आणि खात्याचा अधिकारी ती तपासून प्रमाणित करेल, मोजणी तीस दिवसांत झाली पाहिजे. आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार, असा क्रम त्यांनी सांगितला. क्रम एकदम बरोबर आहे. आज उलटं चालते. आधी खरेदी होते, मग फेरफार होतो, अन् मोजणी होते ती डोकं फुटल्यावर.

कर्नाटकात हे बऱ्याच वर्षांपासून आहे. तिकडे शेताचा तुकडा विकायचा तर आधी अकरा-ई नावाचा नकाशा लागतो. तो परवानाधारक भूमापक काढतो अन् सरकारी माणूस तपासतो, मगच खरेदी लागते. शेजारच्या तेलंगणानं २०२५ मध्ये पोरांना प्रशिक्षण देऊन, परीक्षा घेऊन हजारोंच्या संख्येनं परवाने वाटले. म्हणजे आपण काही आकाशातून नवीन आणत नाही आहो.

आपल्याकडे गरज का पडली ते तालुक्याच्या कार्यालयात एक दिवस बसून पाहा. भूकरमापक मोजके अन् अर्जांचा ढीग. महामार्गाची संयुक्त मोजणी आली, कालव्याची आली, कोर्ट वाटप आलं की तुमची-माझी हद्द कायम मोजणी मागे सरकते. २०२५ मध्ये खात्यानं भूकरमापकाच्या ९०३ जागांची जाहिरात काढली, त्यात नागपूर विभागाच्या ११०. विभाग म्हणजे सहा जिल्हे. सहा जिल्ह्यांना ११० वाटून पाहा अन् मग एका तालुक्याला किती येतात ते बोटावर मोजा.

फीचं पण सांगून ठेवतो, कारण गावात अजूनही लोक दलालाला विचारतात. १ डिसेंबर २०२४ पासून दोनच प्रकार राहिले. नियमित अन् द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २ हजार, द्रुतगतीला ८ हजार. त्याच्या वर प्रत्येक दोन हेक्टरला हजार, अन् द्रुतगतीला चार हजार. नियमितला ९० दिवस, द्रुतगतीला ३० दिवस धरले आहेत. अन् बापाच्या जमिनीची भावाभावात वाटणी करायची असेल तर पोटहिस्स्याची मोजणी २०२५ पासून एका हिश्शाला २०० रुपयात होते. ही शेवटची गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वाटणी तोंडी करून ठेवता अन् पोरांच्या पिढीत कोर्टात जाता, त्यापेक्षा दोनशे रुपये भरा.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. भूमापक व्हायचं कसं?

आपल्या देशात अमेरिकेसारखी एकच सरळ वाट नाही. तिकडे सर्व्हेयरला आधी मूळ विषयाची परीक्षा, मग साधारण चार वर्षं अनुभवी सर्व्हेयरच्या हाताखाली काम, मग दुसरी मोठी परीक्षा, अन् त्याच्यावर त्या त्या राज्याच्या कायद्याची परीक्षा. एवढं झाल्यावर त्याला स्वतःच्या सहीनं नकाशा देता येतो, अन् चुकला तर परवाना जातो. मला यातली परीक्षेपेक्षा ती मधली चार वर्षं आवडली. डॉक्टरला जशी इंटर्नशिप, वकिलाला जशी सीनियरकडची उमेदवारी, तसं.

आपल्याकडे पाया दोन ठिकाणी पडतो. एक, दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड, दोन वर्षं. दुसरा, दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा, तीन वर्षं. नागपुरात सदरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, १९१४ पासूनचं, तिथं सिव्हिल आहे. या दोनपैकी एक असलं की खात्याच्या भूकरमापक भरतीला बसता येते, टायपिंगचं प्रमाणपत्र वेगळं लागते. खासगी परवान्यालाही पाया याच शिक्षणाचा पाहिजे असं माझं म्हणणं. मी स्वतः दहावी पास. माझ्या वेळी कोणी सांगितलं असतं की दहावीवर असं काही शिकता येते, तर कदाचित मीही गेलो असतो. तेव्हा आम्हाला पोलीस अन् मास्तर, दोनच नोकऱ्या माहीत.

पण पोरांनो, तुमच्या कॉलेजात तुम्हाला टोटल स्टेशन शिकवतात, ऑटोकॅड शिकवतात. तुमच्या धुऱ्याचा कागद कोणी शिकवत नाही. फाळणी नकाशा, टिपण, गुणाकार बुक, आकारफोड पत्रक, कमी-जास्त पत्रक, हे शब्द सर्वेक्षक झालेल्या पोराला माहीत नसतात. माझ्या पुतण्याला पहिल्यांदा फाळणी दाखवली ती निवृत्त झालेल्या एका भूकरमापक आजोबांनी, चहाच्या टपरीवर बसून. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत, साठी उलटलेली, पाय दुखतात पण डोक्यात अख्ख्या तालुक्याच्या शिवा आहेत. सरकारनं परवान्याचं प्रशिक्षण यांच्या हातून द्यावं. ही माणसं गेली की त्यांच्या डोक्यातला नकाशा कोणत्याही सर्व्हरवर सापडणार नाही.

कायदाही वाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, त्यात हद्दीचा भाग कलम १३२ पासून सुरू होतो. १३५ मध्ये हद्दीचा वाद, १३६ मध्ये हद्द आखून देणं, १४० मध्ये खुणा सांभाळायची जबाबदारी कोणाची ते. १४० वाचून मी चाट पडलो. धुऱ्यावरचे दगड टिकवायची जबाबदारी जमीनवाल्याचीच आहे! आपण दगड नांगराला लागतो म्हणून उपटून नाल्यात फेकतो अन् मग मोजणीवाल्याला शिव्या देतो. माझ्या वडिलांनी एक दगड घराच्या पायरीला लावला होता. अजून आहे. त्यावरून पोरं उड्या मारतात.

हे झालं शिकण्याचं. आता सरकारनं परवाना देताना काय पाहावं, यावर माझं शेतकरी म्हणून म्हणणं आहे, अन् ते मी जरा जोरानं मांडतो.

परीक्षा कागदावर घेऊ नका, वावरात घ्या. ज्या धुऱ्याची निमताना मोजणी होऊन निकाल लागलेला आहे असं एक गाव निवडा. दहा पोरांना जुना नकाशा द्या, सांगा, हद्द दाखवा. ज्यानं शिवेचा दगड शोधला तो पास. ज्यानं जवळची विहीर धरून अर्ध्या तासात काम उरकलं तो पुढच्या वर्षी या म्हणावं.

दुसरं, मोजणीवाला अर्जदारानं निवडू नये. हे मला फार महत्त्वाचं वाटते. मी पैसे देणार, मी माणूस निवडणार, तर तो माझ्या बाजूनं मोजणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला? पैसे सरकारकडे जमा व्हावे, अन् माणूस चिठ्ठी टाकून किंवा कॉम्प्युटरनं ठरावा. स्वतःच्या गावात, सोयऱ्याच्या गावात त्याला काम देऊच नये. आमच्या पुतण्यालासुद्धा माझा धुरा मोजायचा अधिकार नसावा. मी त्याला हे तोंडावर सांगितलं, तो हसला.

अन् लगतच्या शेतकऱ्याला नोटीस. सरकारी मोजणीत ती पोस्टानं जाते, तरी माझ्या वेळेस पोचली नव्हती. खासगीत ती सुटली तर मोजणी एकतर्फी होईल अन् कागद कोर्टात टिकणार नाही. नोटीस पोचल्याची सही नसेल तर मोजणी नाही. फोनवर मेसेज पाठवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, पण पोचली पाहिजे.

खात्याचा अधिकारी तपासेल म्हणतात. टेबलावर बसून नकाशा तपासला तर काय तपासलं? रेघा बरोबर आहेत का, एवढंच दिसेल. शंभरातल्या दहा मोजण्या तरी अधिकाऱ्यानं न सांगता वावरात जाऊन पुन्हा मोजाव्या. कोणत्या दहा, ते भूमापकाला आधी कळू नये. अन् क प्रतीवर भूमापकाचं नाव, परवाना नंबर, अन् त्यानं कोणत्या जुन्या खुणा धरल्या हे लिहिलेलं असलं पाहिजे. आज क प्रत मिळते त्यावरून मला हे कळत नाही की माणसानं मोजणी सुरू कुठून केली. ते लिहिलं असतं तर माझी अन् भाऊंची चार वर्षं वाचली असती. आम्हाला दोघांना विहिरीजवळ उभं करून कोणी म्हटलं असतं की बाबा हो, मी इथून मोजलं, तुम्हाला ही खूण मान्य आहे का, तर आम्ही तिथंच भांडलो असतो, पण एकदाच भांडलो असतो.

काही लोक म्हणतात, खासगी झालं की श्रीमंत माणूस भूमापक विकत घेईल. खात्यात काम करणाऱ्यांचंही म्हणणं आहे की जागा भरा, खासगीकरण करू नका. जागा भराच, त्यात दोन मत नाही. पण विकत घेण्याचं म्हणाल तर, जो विकला जातो तो सरकारी असला तरी विकला जातो. फरक एवढाच की सरकारी माणसाची बदली होते अन् परवानेवाल्याचा परवाना काढून घेता येतो. काढून घ्यायची हिंमत पाहिजे. ज्याचा परवाना गेला त्याचं नाव तलाठी कार्यालयाच्या दारावर लावा. आपल्याकडे दारावरच्या कागदाला लोक कोर्टापेक्षा जास्त भितात.

अन् सरकारी मोजणी बंद करू नका. दोन हजारवाली वाट उघडी राहिली पाहिजे. खासगीवाल्याची फी सरकारनं ठरवावी, नाहीतर समृद्धीच्या बाजूला जमीन असलेल्याला एक दर अन् भिवापूर-कुहीच्या कोरडवाहूवाल्याला कोणी यायलाच तयार नाही, असं होईल. जिथं जमिनीला भाव नाही तिथं भूमापकही जात नाही. पण धुऱ्याचं भांडण तर तिथंही तेवढंच कडू आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. नागपुरात विधानभवनाजवळ झिरो माईलचा दगड आपण सगळ्यांनी पाहिला आहे, निदान बसमधून. पण हिंगणघाटचं किती जणांना माहीत आहे? सगळा हिंदुस्थान मोजायचं काम ज्यानं १८०२ साली मद्रासहून सुरू केलं, तो विल्यम लॅम्बटन मोजत मोजत वर येत होता. नागपूरकडे निघालेला असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. तिथंच त्याला पुरलं. वीस वर्षं मोजत होता. एका ठिकाणी आकडा जुळला नाही तर मागे जाऊन पुन्हा मोजायचा म्हणतात. मी मागच्या वर्षी कापूस घेऊन हिंगणघाटच्या मार्केटला गेलो होतो, तेव्हा विचारलं, तर चहावाल्यालाही माहीत नव्हतं. आमच्या पुतण्यालाही नव्हतं, अन् तो सर्वेक्षक!

आमच्या धुऱ्याचं पुढं काय झालं ते विचाराल. निमतान्यानंतर भाऊंना सुपर निमताना टाकता आला असता, मलाही. जिल्हा अधीक्षकाकडे जावं लागते त्याला. आम्ही दोघंही टाकणार होतो. मग त्यांच्या घरी लग्न निघालं, अन् माझ्या घरी आजारपण. त्यात दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी तेच धुऱ्यावर आले. म्हणाले, "भाऊ, साहेबानं दाखवलं तिथं दगड गाडून टाकू. वर तीन फूट तू घे, खाली दोन फूट मी घेतो." मी म्हटलं, "गाडा." सहा दगड आणले, तीन त्यांनी, तीन मी. वर चुना लावला. दोन्हीकडून एक-एक तास सोडायचं ठरलं. आता धुऱ्यावरून माणूस चालू शकतो. बंडी जात नाही अजून.

पुतण्याला मी काल फोन केला. म्हटलं, भरतीचा अर्जही भर अन् परवान्याचीही तयारी ठेव, पण आधी दोन उन्हाळे त्या भूकरमापक आजोबांच्या मागं फीर. पैसे नको मागू, उलट त्यांना गाडीवर घेऊन जा. मोजणी शिकायची तर फेब्रुवारी ते मे, वावर रिकामं असते तेव्हाच. अन् ज्यांना मोजणी करून घ्यायची आहे त्यांनीही अर्ज आत्ताच टाका, म्हणजे नव्वद दिवस धरले तरी पेरणीच्या आत तारीख येईल. श्रावणातली तारीख आली तर माझ्यासारखा पंचनामा घेऊन बसाल.

तो म्हणाला, "मोठेबाबा, आजोबा उद्या सकाळी सात वाजता बोलावून राहिले. शिवेचा एक दगड दाखवतो म्हणते, नाल्याच्या पलीकडे, बाभळीत दबला हाय."

मी म्हटलं, विळा घेऊन जा.